हुरड्याचे दिवस आणि तीन नोकऱ्या

जानेवारी लागला की अव्वाचा फोन येतो. मी हैदराबादच्या विमानतळातून बाहेर पडत असेन, नाहीतर कुठल्याशा हॉटेलात गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत असेन, तिचं पहिलं वाक्य तेच असतं. "कणसं चिकात आल्यात. चार दिसांत टणक व्हतील. मग म्हणू नगंस, सांगितलं न्हाय म्हणून." अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या जळकोटात बऱ्याच घरांत अर्धी मराठी आणि अर्धी कन्नड चालते. आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणतच मी वाढले. फोन ठेवताना ती "ऊटा आत?" असं विचारते, म्हणजे जेवलीस का, आणि उत्तराची वाट न बघता ठेवून देते.

यंदाही फोन आला आणि यंदा सुट्टीही मिळाली. हायवेवर उतरून रानाच्या वाटेला लागले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. पानांवरचं दव अजून वाळलं नव्हतं, बाही ओली होत होती. लांबून कुणाच्या तरी आगटीचा धूर येत होता, गोवऱ्यांचा आणि त्यात भाजणाऱ्या कोवळ्या दाण्यांचा. या वासानं लोकांना गूळ आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते, माहेर आठवतं. मला विमानाचं पेट्रोल आठवतं. कारण माझ्या आयुष्यातला एक हुरडा असा गेला, की एका हाताला राखेचा वास होता आणि दुसऱ्याला पेट्रोलचा, आणि काय करावं ते दोन्ही हातांना कळत नव्हतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. व्यावसायिक पायलटचं लायसन्स होतं, लॉगबुकात दोनशे तासांचं उड्डाण होतं आणि नोकरी नव्हती. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून परत आल्याला वर्ष होत आलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोनशे तास खूप वाटतात, पण शिक्षण संपतं तिथंच हा आकडा असतो. पुढं कुणी मोठं विमान हातात द्यायचं तर ते अनुभव विचारतात, आणि अनुभव मिळवायचा तर आधी कुणीतरी विमान द्यावं लागतं. हे मी एकदा अप्पांना समजावून सांगत होते. अप्पा एसटीत ड्रायव्हर, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी पहिली गाडी कोण देतंय, त्येच्यावर हाय सगळं."

त्या वर्षभरात गावानं माझी फार मायेनं चौकशी केली. दळणाला गेले की गिरणीवाला विचारायचा, "लीले, इमान कुठं लावलंयस?" माझं नाव शिवलीला, पण गावात मला पूर्ण नावानं कुणी हाक मारलेली आठवत नाही. शेजारचे मल्लप्पा काका एकदा मुद्दाम घरी आले. ड्रोनवाल्यानं शेजारच्या रानात फवारणी केलेली त्यांनी पाहिली होती. "तुजं इमान तर त्याच्यापरीस मोठं," ते म्हणाले, "माज्या तुरीवर एक चक्कर मारशील का?" मी हसले. नंतर खोलीत जाऊन जरा रडलेही. काकांना वाईट काही म्हणायचं नव्हतं. पण त्यांनी निदान मला काम देऊ केलं होतं आणि तेवढंही दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

आणि मग त्या जानेवारीत, ज्वारी हुरड्यात आली त्याच आठवड्यात, एकदम तीन ठिकाणांहून बोलावणं आलं.

पहिलं एका मोठ्या शहरातल्या कंपनीचं. श्रीमंत लोकांना भाड्यानं छोटं जेट द्यायचा तिचा धंदा होता. मी को-पायलट होणार, म्हणजे उजव्या सीटवर बसणार. काळा कोट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, दोन इंजिनं, आणि रंगीत स्क्रीननी भरलेलं कॉकपिट. मुलाखत घेणारे गृहस्थ सरळ होते. त्यांनी आधीच सांगितलं, "महिन्याला वीस तास उडालात तर खूप. बाकी वेळ बॅग भरून फोनची वाट बघायची." शुक्रवारपर्यंत त्यांना उत्तर हवं होतं.

दुसरं बोलावणं मृणालचं. ती माझ्याबरोबर शिकलेली, नाशिकची, बोलायला लागली की श्वास घ्यायची विसरणारी. तिला सर्व्हेच्या विमानावर काम मिळालं होतं. पोटाला कॅमेरा लावलेलं विमान घेऊन सरळ रेषेत जायचं, वळायचं, शेजारच्या रेषेतून परत यायचं, आणि असं जमिनीचे फोटो घेत दिवसभर. त्यांना अजून एक पायलट पाहिजे होता. "डोकं वापरू नकोस," ती फोनवर म्हणाली, "सहा महिन्यांत पाचशे तास होतील. शेतात नांगर चालवतात तसं आभाळात चालवायचं. कंटाळा येतो, मान्य आहे. पण तास म्हणजे तास ना गं!"

आणि तिसरं बोलावणं आमच्याच जिल्ह्यातलं. धाराशिवच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी एक शाळा होती. तिथले मुख्य प्रशिक्षक सय्यद सर यांनी माझा अर्ज ठेवून घेतला होता. आधी काही महिने शिकवण्याचं शिक्षण, मग सहायक प्रशिक्षकाची नोकरी. दोन माणसं बसतील एवढंच विमान, एकच इंजिन, दार लावताना खांदा आत घ्यावा लागतो असलं. त्यात नवशिक्या मुलामुलींना घेऊन धावपट्टीभोवती गोल गोल फिरायचं, उतरायचं, परत उडायचं.

आमच्या घरात चर्चा झाली ती चुलीपाशी. अव्वानं तिन्ही ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "विंजनं किती?"

"कंपनीच्या जेटला दोन. बाकी दोन ठिकाणी एक."

"मग इच्यारतीस काय? दोन विंजनाचं घे."

"अव्वा, तिथं उडायला फार मिळत नाही."

"कमी उडलीस तर कमी काळजी." तिनं भाकरी उलटली. "आन् त्या धाराशिवात गरगर फिरायला एवढं शिकलीस व्हय? इथंच फिरायचं व्हतं तर एसटीत लागायचं. अप्पांनी लावून दिलं असतं."

अप्पा भाकरी मोडत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

अव्वाची गंमत अशी, की लेक जवळ राहावी असं तिलाच सगळ्यांत जास्त वाटायचं. मी शिकायला गेले तेव्हा महिनाभर ती माझ्या ताटात भात वाढून मग तो स्वतः खायची, असं अप्पांनी मला नंतर सांगितलं. पण लेकीनं लांब जावं, मोठं व्हावं, सोनेरी पट्ट्यांतला फोटो पाठवावा, हेही तिला तेवढंच हवं होतं. तो फोटो भिंतीवर कुठं लावायचा याची जागाही तिनं खिडकीशेजारी बघून ठेवली होती. मला ती जागा दिसायची. रोज जेवताना ती समोरच असायची.

सय्यद सरांनी मंगळवारी बोलावलं. "नोकरी नंतर ठरव. आधी येऊन उजव्या बाजूला बसून बघ," एवढंच म्हणाले. पहाटे निघून, तुळजापूरला गाडी बदलून, मी पोचले तेव्हा धावपट्टीवर धुकं होतं. इतकं, की वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर आहे की नाही तेही दिसेना. सर एका पत्र्याच्या शेडखाली चहा पीत उभे होते. उदगीरकडचे, साठीचे, कानटोपी घातलेले. मराठी बोलता बोलता कुठं दख्खनी बोली शिरायची ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. धुकं उठायला दोन तास लागले. त्या दोन तासांत त्यांनी मला विमानाबद्दल काही विचारलं नाही. अप्पांचा रूट कुठला, जळकोटात हुरड्याच्या चटणीला तीळ वापरतात की जवस, हेच विचारत बसले.

मग विमानात बसताना डाव्या सीटवर, विद्यार्थ्याच्या जागी, ते स्वतः बसले. म्हणाले, "आज मी तुजा विद्यार्थी. नवा हाय, आन् डोकं जरा कमी हाय. सांभाळून घे."

पहिली फेरी त्यांनी चांगली मारली. दुसऱ्या फेरीत विमान डावीकडं वाहू दिलं. मी सांगितलं, त्यांनी सरळ केलं. तिसऱ्या फेरीत उतरताना धावपट्टी अजून बरीच खाली होती आणि त्यांनी नाक उचललं. उतरताना अगदी शेवटी, चाकं जमिनीला टेकायच्या जरा आधी, नाक हळूच उचलायचं असतं. ते उंचावर उचललं तर विमान हवेत तसंच लोंबकळतं, वेग मरतो, आणि मग ते दगडासारखं खाली येतं. मला हे सगळं पाठ होतं. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. नाक उचललेलं मला दिसलं, वेग कमी होताना दिसला, आणि माझे हात मांडीवर होते ते मांडीवरच राहिले. शेवटी सरांनीच इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पुढं सारला. विमान गुरगुरत वर गेलं.

खाली उतरून त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"तुम्ही नाक लवकर उचललंत, सर."

"ते मी मुद्दाम केलं. तुला कधी दिसलं?"

"लगेच दिसलं."

"मग हात कामून न्हाय हलला?"

मी खरं तेच सांगितलं. "वाटलं, तुम्ही आहात. तुम्ही बघाल."

ते रागावले नाहीत. कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, ज्याच्या शेजारी बसशील त्याच्याबद्दल तुला हेच वाटनार. मोठ्या विमानात तर जास्तच वाटनार. तिथं डाव्या बाजूला बसलेल्याचे केस पांढरे असतात. आन् चुकतो तर तो बी."

मी विचारलं, "मग मी कंपनीत जाऊ नको का?"

"असं म्या कुठं म्हनलं? कंपनीची नोकरी चांगली हाय. सर्व्हेची बी चांगली हाय, लोक तिथनं शिकून वर गेलेत. तुला काय येत न्हाय ते आज तुला दिसलं. ते रोज कुठं करावं लागंल, एवढंच बघ."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. दिवसभरात एकदाही कुणी मला ओरडलं नव्हतं, तरी कान तापलेले होते. शाळेपासून मी शहाणी मुलगी. मोठ्यांसमोर न बोलणारी, अहोजाहो करणारी, पाहुण्यांना पाणी देऊन आत जाणारी. त्याचं कौतुक होत होत मी मोठी झाले होते. आणि त्याच शहाणपणानं आज माझे हात मांडीवर धरून ठेवले होते. खिडकीबाहेर ज्वारीची रानं मागं पळत होती. कुठं मचाणावर उभं राहून कुणी बाई डबा वाजवून पाखरं हाकलत होती. एवढ्या मोठ्या रानात ती एकटी होती आणि तिचा आवाज एसटीच्या आतपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची सुट्टी होती. आम्ही दोघंच रानात गेलो. त्यांनी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या, निखारे झाले तशी कणसं आत खुपसली. भाजलेलं कणीस मफलरच्या टोकानं धरून ते तळहातावर चोळायचे, फुंकर मारायचे आणि हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतायचे. लहानपणी करायचे तसंच. चटका त्यांना आणि दाणे मला.

मी त्यांना मंगळवारचं सगळं परत सांगितलं. हात हलले नाहीत तेही. मग विचारलं, "अप्पा, तुमची पहिली गाडी कुठली?"

"माकणी," ते म्हणाले. "डेपोतनं निघायचं, खेड्याखेड्यानं थांबत जायचं. रस्ता असा की गियरवरचा हात काढाय सवड न्हाय. म्हशी मदी, लगनाची वरात मदी, पावसात पुलावरनं पाणी. माझ्यासंगट लागलेल्याला मुंबई गाडी गावली. सरळ हायवे."

मला वाटलं, आता ते सांगणार, की माकणीच्या रस्त्यानंच मला ड्रायव्हर केलं. मी तसं म्हटलंही, "पण त्यामुळं तुम्ही तयार झालात ना?"

अप्पा हसले. "कुणाला म्हाईत? मला तर मुंबईचीच पायजे व्हती. दोन वर्षं रुसून व्हतो म्या." त्यांनी अजून एक कणीस निखाऱ्यातून ओढलं. "तो बी चांगला ड्रायव्हर झाला. झाला न्हाय असं न्हाय."

तेही कणीस आम्ही संपवलं. मग निखारे काठीनं हलवत ते म्हणाले, "मला इमानातलं काय कळत न्हाय, लीले. पण एक बगतोय म्या चार दिस झाले. त्या कंपनीचं बोलतीस तवा तू कोटाचं बोलतीस, फोटोचं बोलतीस. मृणालचं बोलतीस तवा तासाचं. आन् काल धाराशिवास्नं आलीस, तर आल्यापास्नं वाऱ्याचं, चाकाचं, नाकाचंच सांगायलीस. चूक झाली म्हंतीस, तरी तेच सांगायलीस."

त्यांनी एवढंच सांगितलं. घे किंवा नको घेऊ, असं काहीच म्हणाले नाहीत. पाण्याची बाटली उचलून राखेवर पाणी शिंपडलं, चर्र झालं, आणि आम्ही घराकडं निघालो.

गुरुवारी मी कंपनीला फोन करून नकार कळवला. त्या गृहस्थांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "मला अजून शिकायचंय." ते म्हणाले, "आमच्याकडंही शिकला असता." ते खरंच होतं, आणि म्हणून फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं नाही. मृणालनं दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच केला आणि नेहमीच्या वेगानं मला वेड्यात काढलं. अव्वा काही बोलली नाही. आमच्या घरात हा सगळ्यांत कठीण प्रकार. आठवडाभर तिनं मला फक्त "घे" आणि "ठेव" एवढेच शब्द दिले.

आता मागं वळून बघताना मला मोह होतो, की त्या निर्णयाला अगदी बरोबर ठरवून टाकावं. तसं करता येत नाही. मृणाल दीड वर्षात मोठ्या विमान कंपनीत लागली. मला तीन वर्षांहून जास्त लागली. धुक्याच्या सकाळी शेडखाली चहा पीत बसले असताना तिचे निळ्या आभाळातले फोटो यायचे, आणि मला सरळ रेषेतल्या त्या नांगरटीचा हेवा वाटायचा. अलीकडंच आम्ही एका विमानतळावर भेटलो. तिला मी विचारलं, "त्या सर्व्हेनं तुला काय दिलं?" ती चक्क थांबली, श्वास घेतला, आणि म्हणाली, "गप्प बसायला शिकले. तासन्‌तास एक अंशही इकडंतिकडं न होता." तिचंही चुकलं नव्हतं.

पण ते दिवस माझे होते आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. शिकवायला लागल्यावर कळलं की मला उडता येत होतं पण सांगता येत नव्हतं. एखादी मुलगी विचारायची, "मॅडम, नाक नेमकं कधी उचलायचं?" आणि मी म्हणायची, "कळतं आपोआप." मग रात्री पुस्तक काढून बसायचं, की हे आपोआप म्हणजे नेमकं काय. पोरं लांबच्या सफरीला नेली की निम्न तेरणा धरणाचं पाणी डावीकडं चमकायचं. धरणाकाठची माकणी दाखवून मी सांगायची, हरवलात तर हे पाणी शोधा. वरून तो अप्पांचा रस्ता दिसायचा, काळ्या रानातून वाकडातिकडा गेलेला. त्यावर एखादी लाल एसटी मुंगीसारखी चाललेली असली की मी पंख उगाच जरासा हलवायची. अप्पांना हे कधी सांगितलं नाही.

अव्वा पहिल्यांदा आली ती उन्हाळ्यात. कुंपणाच्या तारेला धरून उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी. मी उतरले, चालत तिच्याकडं गेले. माझ्याआधी सय्यद सर तिथं पोचले होते आणि तिची उलटतपासणी चालू होती.

"एकच विंजन हाय व्हय याला?"

"एकच हाय ताई. पण लई इमानदार हाय."

"आन् बंद पडलं तर?"

"तर तुमची लेक रान हुडकंल आन् रानात उतरंल. त्येच तर शिकवतो पोरांना."

अव्वानं यावर गंभीरपणे विचार केला. मग मला म्हणाली, "आपल्या रानात नगं उतरू. मदी विहीर हाय. मल्लप्पाच्या तुरीत उतर." सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून अव्वा रस्त्यानं जाताना शेतांकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. हे सपाट हाय, यात खांब हायेत, इथं ऊस हाय. घरी गेले की सगळी यादी मला तोंडी मिळायची. तिचा राग गेला होता. तिला काळजीचं काम मिळालं होतं.

आणि मग पुढच्या हुरड्यातली एक सकाळ. तोवर मला शिकवायला लागून काही महिने झाले होते. प्रतीक्षा नावाची एक मुलगी माझ्याकडं होती. कळंबची, उंच, सारखी हसणारी. तिचे वडील तिला दर सोमवारी मोटारसायकलवर सोडायला यायचे आणि विमान उडेपर्यंत गाडीवरून उतरायचे नाहीत. तिचं सगळं चांगलं होतं, फक्त उतरणं सोडून. ती रोज नाक उंचावर उचलायची. रोज मी हात पुढं करायची, थ्रॉटल सारायची, पुन्हा वर न्यायची. हात आता चुकत नव्हते. पण तिचं का चुकतंय ते मला सापडत नव्हतं. मी समजावून थकले, ती ऐकून थकली. एक दिवस तर ती हसलीच नाही. म्हणाली, "मॅडम, मला न्हाय जमणार. मी घरी सांगते."

त्या दिवशी संध्याकाळी मी विमान धावपट्टीच्या टोकाला नेऊन उभं केलं, इंजिन बंद केलं आणि तिला म्हटलं, आता फक्त बघ. काही करू नकोस. जमिनीवर बसलं की समोरचं जग कसं दिसतं, ते डोळ्यांत भरून घे. पट्टीचं लांबचं टोक कुठं आहे, कडेचं गवत कसं सरळ दिसतं, सगळं. वीस मिनिटं आम्ही तशाच बसलो. मला स्वतःलाही ते चित्र तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी नाकासमोरच बघत असते उतरताना. लांब बघतच न्हाय."

त्यानंतर पंधरा दिवसांत तिचं उतरणं बसलं. त्या सकाळी सय्यद सरांनी तिच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, खाली उतरले, आणि मला म्हणाले, "जाऊ दे पोरीला एकटी." पायलटच्या आयुष्यात एकट्यानं पहिली फेरी एकदाच येते. मी उजव्या सीटचा पट्टा आवळून बांधला म्हणजे तो मधे लोंबकळणार नाही, दार लावलं आणि हातात रेडिओ घेऊन गवतात येऊन उभी राहिले. धावपट्टीच्या कुंपणापलीकडं ज्वारी वाऱ्यानं डोलत होती. वारा जरा आडवा होता. मी सरांकडं बघितलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते.

ती उडाली. एकटीच्या वजनानं विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं. वळली, लांब गेली, पुन्हा वळली आणि उतरायला लागली. मी बघत होते. धावपट्टीवर आली आणि नाक वर गेलं. उंचावरच. माझा हात रेडिओच्या बटणावर गेला. सर शेंगांकडं बघत म्हणाले, "थांब."

मी थांबले. एवढी कधीच थांबले नव्हते. आणि विमानाचा आवाज वाढला. तिनं स्वतःच थ्रॉटल पुढं सारला होता. नाक सावरलं आणि ती पुन्हा वर चढली, कुणी काही न सांगता. मी गवतात खाली बसले. सरांनी सोललेल्या शेंगांचे दाणे माझ्या हातात ठेवले.

दुसऱ्या फेरीत ती उतरली. चाकं टेकली, एकदा जराशी उचलली, परत टेकली. विमान हळूहळू शेडकडं आलं. इंजिन थांबलं. मी धावत गेले, दार उघडलं. प्रतीक्षा दोन्ही हात समोर टेकवून बसली होती. रडत नव्हती, हसत नव्हती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मॅडम, शेजारची सीट रिकामी असली की लई मोठी दिसते."

मी विमानाला वळसा घालून पलीकडं गेले, पट्टा सोडला आणि त्या सीटवर जाऊन बसले. इंजिन थंड होताना टिक टिक वाजत होतं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.